काट्यांची वाटी

त्या हॉटेलात ताटाबरोबर एक रिकामी वाटी येते. नवखा माणूस ती रश्श्यासाठी पुढं करतो आणि वाढणारा हसून सांगतो, ही भरायची तुम्ही, आम्ही नाही. मासा खाताना निघालेला प्रत्येक काटा त्या वाटीत ठेवायचा. ताटाच्या कडेला नाही, टेबलावर तर मुळीच नाही. जेवण संपत आलं की गल्ल्यावरचे मालक उठून टेबलापाशी येतात, वाटी हातात घेतात, उजेडाकडं तिरपी धरतात आणि आत बघतात. ही त्यांच्या पणजोबांपासूनची रीत. निजामाच्या काळात गोदावरीवरून मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून टांग्यानं शहरात यायचा, तेव्हापासूनची. वाटी बघून त्यांना दोन गोष्टी कळतात. गिऱ्हाइकानं मासा मन लावून खाल्ला की नुसता चिवडला, आणि एखादा काटा पोटात तर गेला नाही ना.

गल्ल्यामागं त्या पणजोबांचा फोटो आहे आणि फोटोखाली काचेच्या बरणीत एक लांब, बारीक टोकाचा चिमटा. कुणा हकीम मित्रानं त्यांना तो दिला होता म्हणे. कुणाच्या घशात काटा अडकला की मालक त्याला खुर्चीवर बसवतात, तोंड उघडायला लावतात आणि त्या चिमट्यानं काटा काढून देतात. इतक्या वर्षांत मी तो चिमटा बाहेर निघालेला चार-पाच वेळा पाहिला, आणि दर वेळी आमच्या टेबलावरून बायकोला हळूच म्हणालो, "बघ, आला एक शहाणा." काटा अडकणं म्हणजे खाणाऱ्याचा गाढवपणा, असं माझं साधं मत होतं. मतं मला पुष्कळ होती आणि ती मी फुकट वाटत असे.

आमची वाटी मात्र बघण्यासारखी असायची. मोठे काटे एकीकडं, बेचकीसारखे दुहेरी काटे एकीकडं, केसाएवढे बारीक मधे. मालक ती शेजारच्या टेबलांनाही दाखवायचे. मी मान खाली घालून हात धुवायला जायचो, पण कान मागंच ठेवून.

बायको वैजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी सणावाराला मटण व्हायचं, पण मासा उंबऱ्याच्या आत आला नव्हता. काटा अडकून माणूस दगावतो, माशाबद्दल तिला एवढीच माहिती. लग्नाचं पहिलं वर्ष पुरं झालं त्या दिवशी मी तिला या हॉटेलात आणलं, तेव्हा ती दोन्ही हात मांडीवर घेऊन ताटाकडं नुसती बघत बसली.

"एक जरी काटा निघाला तर मी परत यायची नाय," ती म्हणाली.

"थांब, घाई करू नको," मी म्हणालो आणि तिचं ताट माझ्याकडं ओढलं.

माझं आजोळ गंगापूर तालुक्यात, नदीच्या काठावर. तिथं पाहुण्याला मासा निवडून द्यायची पद्धत होती. निवडून म्हणजे तांदूळ निवडतात तसा. पाहुण्याला काटा लागला तर ज्यानं निवडला त्याला आठवडाभर चिडवायचे. मामानं मला लहानपणीच शिकवलं. आधी कातडी सोडवायची, मग अंगठ्यानं मधोमध दाबायचं म्हणजे कणा सुटतो, मग फासळ्या. त्यानंतर खरी परीक्षा. रोहूच्या शेपटीकडं मांसात लपलेले बेचकीचे काटे असतात, ते डोळ्यांनी हेरायचे आणि मांस न फाडता बोटांनी उपसायचे. त्या दिवशी मी दोन तुकडे निवडले. बायकोला एकही काटा लागला नाही. मालक तेव्हा तरुण होते, गल्ल्यावर त्यांचे वडील बसायचे. वडिलांनी वाटी तिरपी केली, बराच वेळ बघितली आणि बायकोला म्हणाले, "बेटी, इसका हात संभाल के रखना."

तेव्हापासून दर वर्षी, लग्नाच्या वाढदिवसाला, आम्ही तिथं जेवत आलो. मासा मी निवडायचा, तिनं खायचा. तिनं निवडायला शिकायचा प्रयत्न केला नाही आणि मी शिकवलंही नाही. खरं सांगायचं तर मला ते शिकवायचंच नव्हतं. संसारात मी तिच्यासाठी विशेष असं काही केलेलं नाही. मोजणी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, दिवसभर शेतांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कशावरून तरी चिडायचं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलेलं मला आठवतं. मुलीच्या बाळंतपणात बायको दोन महिने एकटी पुण्याला राहिली, मी फोनवरसुद्धा धड बोललो नाही. पण वर्षातून एकदा मी तिच्या ताटातले सगळे काटे काढले, आणि ते ती माहेरी सगळ्यांना सांगायची. माझ्या नावावर जमा म्हणावं असं एवढंच होतं.

डोळ्यांचं दीड वर्षापूर्वी सुरू झालं. एका सकाळी न्हाणीघरातल्या फरशीची रेघ मला मधोमध वाकलेली दिसली. आयुष्यभर सरळ रेघा मारलेला माणूस मी, मी गवंड्याला शिवी दिली आणि अंघोळ उरकली. पंधरा दिवसांनी दाराची चौकट वाकली, मग पेपरातल्या ओळी वाकल्या, आणि मग ओळींच्या मधे एक राखाडी ठिपका बसला. साखर मला चाळिशीतच लागली होती. तिनं इतकी वर्षं गुपचूप डोळ्यांच्या पडद्याचं काम तमाम केलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात सुया दिल्या, लेसर केला. शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली तेव्हाच मला कळलं. म्हणाले, "काका, आता आहे तेवढं टिकवू या. गेलेलं परत येणार नाही." फार मऊ आवाजात बोलले. मला त्या आवाजाचाच राग आला.

या आजारात अंधार होत नाही. कडेचं सगळं दिसतं, फक्त ज्याच्याकडं बघावं तेवढंच जातं. भिंतीवर घड्याळ आहे हे दिसतं, वाजले किती ते दिसत नाही. ताटाची कड दिसते, ताटातलं दिसत नाही. बायकोकडं पाहिलं की तिचा पदर दिसतो, अंबाडा दिसतो, कानातली कुडी दिसते. तोंडाच्या जागी ठिपका.

मी तिला सांगितलं नाही. दवाखान्यात जायचं असलं की बँकेत हयातीचा दाखला द्यायला चाललो म्हणायचो. तो वर्षातून एकदाच लागतो, मी तो सहा-सात वेळा दिला. सकाळी पेपर उघडून बसायचो आणि अंदाजानं पानं उलटायचो. तिनं काही वाचून दाखवायला सांगितलं की म्हणायचो, "तूच वाच की, शिकलेली आहेस." रस्ता ओलांडताना शेजारच्या माणसाच्या चपलांवर लक्ष ठेवायचो. तो निघाला की निघायचं. असं सोंग एकदा अंगवळणी पडलं की माणूस त्यात हुशारही होत जातो, आणि त्या हुशारीचंच त्याला कौतुक वाटायला लागतं.

का लपवलं, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. तिला काळजी नको. मुलीला कळवू नये. पण खरं कारण ती वाटी होती. बायकोला कळलं की ती म्हणणार, आता मासे नकोत, आणि मग मी तिच्या कसल्याच उपयोगाचा उरत नव्हतो. हे वेडेपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही फरक पडला नाही.

मागच्या वर्षी वाढदिवसाला मी पोट बिघडल्याचं नाटक केलं. या वर्षी ती महिनाभर आधीपासून म्हणायला लागली, "औंदा जायचंच बरं का." मी हो म्हणत गेलो आणि मनात तयारीला लागलो. चैत्रात घरी वर्षाची चिंच आली, ती मी मागून घेतली. बायको म्हणाली, "तुम्ही? आन् चिंच निवडणार?" मी म्हणालो, रिकामा बसून कंटाळा येतो. रोज दुपारी ओट्यावर बसून, डोळे मिटून, मी चिंचेतले चिंचोके आणि शिरा बोटांनी काढत होतो. चिंचेच्या शिरा बारीक असतात, थेट काट्यासारख्या. शेवटी शेवटी एकही शीर सुटेना. मला वाटलं, बोटांना येतंय. डोळ्यांना दिसत नसलं म्हणून काय झालं, हाताला तर सगळं ठाऊक आहे. त्या शेवटच्या चार-सहा दिवसांत मी बऱ्याच दिवसांनी जरा खुशीत होतो.

चिंच गार असते आणि घाई करत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आम्ही मुद्दाम दुपारी गेलो. वैशाखातलं ऊन, मी खिडकीजवळचं टेबल धरलं. मालक गल्ल्यावरून उठून आले. आता तेही सत्तरीचे झालेत.

"आओ साब, आओ भाभी. दो साल हो गए. मेरेकू लगा रूठ गए क्या."

मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं की मोतीबिंदू काढला, आणि आता सुईत दोरा ते स्वतःच ओवतात. "घरवाली हँसती मेरे पे. मगर ओवताच मैं." मी वा वा म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"आज मरळ आहे का?" मी विचारलं. मरळीला काटे कमी. चिंचेवर कितीही सराव केला असला तरी मी सोपी वाट सोडणार नव्हतो.

"है ना, एकदम ताजा."

"नको," बायको म्हणाली. "रोहूच द्या. शेपटीकडचं तुकडं. दर साली तेच खातो आपण."

मरळीचा हट्ट धरला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

तळलेले तुकडे आले, रस्सा आला, ज्वारीच्या गरम भाकरी आल्या आणि ती तांब्याची कल्हई केलेली वाटी आली. बायकोनं तिचं ताट आपणहून माझ्याकडं सरकवलं. मी बाह्या मागं केल्या. तुकडा गरम होता, वरचा मसाला बोटांना चटके देत होता. कातडी सुटली. कणाही सुटला, तो मोठाच असतो. फासळ्या निघाल्या. मग मी शेपटीकडं आलो आणि मान तिरपी करून, ठिपक्याच्या कडेनं बघायला लागलो. ताटाची कड लख्ख दिसत होती. तुकडा नव्हताच. बोटांनी चाचपत गेलो. मांस मऊ होतं, हातात तुटत होतं, आणि त्यात काय काटा, काय कांदा, काय मसाल्याचा कण, हे तेलकट बोटांना कळेना. काही तरी टोचलं की मी ते काढून वाटीत टाकायचो. टिक असा आवाज आला की बरं वाटायचं.

दुसरा तुकडा झाला तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता. मी ताट तिच्याकडं सरकवलं आणि म्हणालो, "घे. बिनधास्त खा."

ती खायला लागली. एरवी ती जेवताना अखंड बोलते, शेजारणीपासून भाजीच्या भावापर्यंत. त्या दिवशी ती गप्प होती. प्रत्येक घासामागं भाकरीचा मोठा तुकडा मोडल्याचा आवाज येत होता. मी तिच्या तोंडाकडं बघायचा प्रयत्न केला, तर कुडी हळूहळू वर-खाली होताना दिसली. फार वेळ चावत होती. मला वाटलं, चवीनं खातेय.

"कसा झालाय?"

"लई चांगला झालाय."

"काटा?"

"नाय. एक पण नाय."

हे ऐकून मला किती आनंद झाला ते आता सांगतानाही लाज वाटते. मी खुर्चीत मागं टेकलो. माझ्या ताटातला मासा तसाच होता, मी त्याला हातही लावला नव्हता. डॉक्टर, लेसर, त्या सुया, सगळे जाऊ देत मसणात, असं मी मनात म्हणालो. जमलं होतं.

तेवढ्यात मालक आले. सवयीनं त्यांनी वाटी उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी केली आणि थांबले. दर वेळी तोंडातून निघणारं "वा साब" आलं नाही. त्यांनी वाटी जरा हलवली.

"साब," ते म्हणाले, "कांटे किधर गए?"

"म्हणजे?"

"दुम के दो टुकडे थे ना. इतने में तो कटोरी भर जाती."

मला अजूनही अर्थ लागला नव्हता. मी मूर्खासारखा म्हणालो, "त्यातच असतील सगळे."

"मांजर आलं होतं खाली," बायको एकदम बोलली. तिचा आवाज घोगरा होता. "त्याला टाकले मी."

त्या हॉटेलात मांजर शिरू देत नाहीत, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. मालक हळू म्हणाले, "हौ. आती बिल्ली कभी कभी," आणि वाटी परत टेबलावर ठेवली.

मी वाटीत बोटं घातली. कणा होता, फासळ्या होत्या, आणि बाकी पाच-सहा काटे. त्यांच्याबरोबर जळक्या कांद्याच्या काड्या आणि जिऱ्याचे दाणे. मी काटे समजून कांदा निवडला होता. बेचकीचे काटे जवळजवळ सगळे तिच्या पोटात गेले होते. भाकरीच्या घासात दडपून, एक एक करून, माझ्यासमोर बसून, तिनं ते गिळले होते.

मग ती खोकली. पुन्हा खोकली. पाणी प्यायली, भाकरीचा कोरडा तुकडा गिळला आणि गळ्यावर हात ठेवून नुसती बसली.

"तोंड उघड," मी म्हणालो. "मला बघू दे."

"राहू द्या. जाईल खाली."

"उघड म्हणतो ना." मी ओरडलोच. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली.

तिनं खिडकीकडं तोंड करून आ केला. मी तिची हनुवटी धरली आणि वाकून बघितलं. उन्हात तिची हनुवटी दिसली, ओठांची कड दिसली, दोन्ही कुड्या दिसल्या. मधे ठिपका. मी मान डावीकडं केली, उजवीकडं केली, अगदी नाकाला नाक लागेल इतका जवळ गेलो. ती तशीच आ करून, डोळे वर करून बसली होती, मी बघतोय म्हणून. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिच्या तोंडाला येणारा माशाचा वास मला अजून आठवतो.

"साब," मालक माझ्या खांद्याशी म्हणाले, "मैं देखूँ?"

मी बाजूला झालो. त्यांनी बरणीतला चिमटा काढला, उकळत्या पाण्यातून धुवून घेतला, चष्मा चढवला. मला म्हणाले, "आप बस मोबाईल की बत्ती पकडो." मला काहीतरी काम द्यावं म्हणूनच ते म्हणाले असणार. मी बत्ती धरली. त्यांनी काही न बोलता माझं मनगट धरून चार बोटं खाली आणलं, कारण उजेड तिच्या कपाळावर पडत होता. मग ते वाकले. "दिखता भाभी, दिखता. हिलो मत." तिच्या घशातून ओकारीचा आवाज आला, आणि त्यांनी चिमटा बाहेर काढला. एक काटा निघाला. दुसरा निघायला जरा वेळ लागला. दोन्ही त्यांनी रीतीप्रमाणं आमच्या वाटीत ठेवले.

मागच्या टेबलावर एक माणूस आपल्या बायकोला दबक्या आवाजात काहीतरी म्हणाला आणि ती हसली. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

मालक गल्ल्याकडं गेले. बायकोनं पदरानं डोळे-नाक पुसलं. मी म्हणालो, "मला दिसत नाही."

"म्हाईत आहे."

"कधीपासून?"

"सहा महिने तरी झाले. तुम्ही माझ्याशी बोलताना कानाकडं बघून बोलता." ती थांबून पाणी प्यायली. "आधी वाटलं, रागावलात कशावरून. मंग एक दिवस मुद्दाम मुक्यानंच हसले तुमच्याकडं बघून. तुम्हाला कळलंच नाय."

ती हसली होती आणि मला कळलं नव्हतं. घरात, समोर उभी राहून. मी तेव्हा काय करत होतो कोण जाणे, बहुतेक पेपरची पानं उलटत होतो.

"मग रोहू कशाला मागवलास?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच. "मरळ म्हणालो होतो ना मी."

"मरळीला मी मुकाट हो म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, मला कळलंय म्हणून." तिचा घसा बसला होता, एक एक शब्द वेगळा येत होता. "चिंच निवडत होता ना महिनाभर. म्हटलं, जमत असंल हातानं. नाय जमलं तर चार काटे गेले पोटात तर काय होतंय."

मला त्या वेळी तिचा इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. पण एकट्यानं जाणार कुठं? दारापर्यंतची टेबलं कशी मांडलीत तेही मला नक्की माहीत नव्हतं. मी बसून राहिलो. मला रडू आलं नाही. पुढं काय ते सगळं स्वच्छ समोर होतं, ते बघायला डोळ्यांची गरज नव्हती. हे वाढतच जाणार. ती माझी चप्पल पायांपुढं ठेवणार, ताटात कुठं भाजी आणि कुठं कोशिंबीर ते सांगणार, आणि माझ्या चुका माझ्यापासून लपवत, एक एक करून गिळत राहणार. आणि मला ते कधी कळेल, कधी कळणारही नाही. आंधळं होण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली, आजही वाटते. यातून काही मार्ग निघेल असं मला वाटत नाही.

"तुम्ही जेवला नाय," ती म्हणाली.

"भूक नाही."

"सकाळी गोळी घेतलीय. उपाशी राहून चालायचं नाय." तिनं माझं ताट स्वतःकडं ओढलं. ताटाची कड टेबलावरून सरकत गेलेली मला दिसली. मासा गार होऊन गेला होता. ती तो निवडायला लागली. जन्मात तिनं मासा निवडला नव्हता. कणा कुठून सुटतो ते तिला माहीत नव्हतं, बोटं चुकीच्या जागी दाबत असणार, मांसाचा भुगा होत असणार, हे मला नुसत्या आवाजावरून कळत होतं. अधूनमधून वाटीत टिक व्हायचं.

"राहू दे गं. जमायचं नाही तुला."

"थांबा, घाई करू नका," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिनं भाकरीत भरून पहिला घास माझ्या हातात दिला. मी तो तोंडात घातला. दुसऱ्यांदा चावताना काटा लागला, हिरडीशी, बेचकीचा. मी सवयीनं बोटं तोंडात घातली, काटा काढला आणि वाटीकडं हात नेऊन सोडला.

टिक वाजल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. ती दोन तुकड्यांचे काटे अवाक्षर न काढता गिळून बसली होती, आणि मला एक गिळता आला नव्हता. समोर तिचा हात ताटात होता तिथंच थांबला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. कुडी हलत नव्हती.

"लागला का?" तिनं विचारलं.

मी दुसऱ्या घासासाठी हात पुढं केला.